कृत्रिम दंतमूळ आणि संगणकातील योग्या

शस्त्रकर्माचा अभ्यास कसा करावा, हे सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या, योग्यासूत्रीय अध्यायात सांगितले आहे. छेदनाचा सराव कोहळा, दुधी, काकडी यांवर. भेदनाचा पाणी व चिखल भरलेल्या पखालीवर. वेधनाचा मृत पशूंच्या सिरांवर आणि कमळाच्या देठावर. बंधनाचा माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर. आहरणकर्मासाठी फणस, तोंडली, बेल यांच्या गराबरोबरच मृत पशूंचे दातही सांगितले आहेत. या अध्यायातील एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. प्रत्येक कर्मासाठी निराळे प्रतिरूप आहे. दुधीवर छेदन शिकावे, परंतु दुधीतून रक्त येत नाही. म्हणून विस्रावणाचा अभ्यास दुधीवर सांगितलेला नाही. प्रतिरूप ज्या प्रश्नासाठी घडविले, त्याच प्रश्नाचे उत्तर ते देते.

प्रस्तुत लेखाचा विषय अशाच एका नव्या प्रतिरूपाचा आहे. कृत्रिम दंतमूळ, ज्याला आता खेड्यापाड्यांतही ‘इम्प्लांट’ म्हणतात, त्याचा आराखडा ठरविताना आणि त्याचे बळ तपासताना अभियंते संगणकात जबड्याचे हाड, धातूचे मूळ, आतील स्क्रू आणि चावण्याचे बल यांचे प्रतिरूप उभे करतात. या पद्धतीचा बोलबाला पुष्कळ आहे. तिची मर्यादा मात्र क्वचितच सांगितली जाते.

आयुर्वेदीय चिकित्सकाला आणि औषधविक्रेत्याला याचे काय प्रयोजन, असा प्रश्न येईल. कळंबोलीपुरते उत्तर सोपे आहे. आपल्या शेजारी कामोठ्यात महात्मा गांधी मिशनचे दंत महाविद्यालय आणि त्याच संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. खारघरला येरळा मेडिकल ट्रस्टचे दंत महाविद्यालय व आयुर्वेद महाविद्यालय आहे, नेरुळला डी. वाय. पाटील व तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ. खासगी दवाखाने तर प्रत्येक सेक्टरला. दात गमावलेला रुग्ण दंतवैद्याकडून निघतो, तो हातात रंगीत चित्रे घेऊन आपल्या चिकित्सालयात किंवा औषधांच्या दुकानात येतो आणि विचारतो, “संगणकावर तपासले आहे म्हणतात, मग करून घेऊ ना?” या प्रश्नाला नुसते ‘हो’ किंवा ‘नको’ असे उत्तर देणे योग्य नव्हे.

दात, मूळ आणि मधला पडदा

सुश्रुतांनी अस्थींचे पाच प्रकार सांगताना दातांना ‘रुचक’ अस्थी म्हटले आहे. आधुनिक शरीररचनेत दात हे हाड नव्हे. पण दात व हाड यांचा संबंध दोन्ही शास्त्रांनी महत्त्वाचा मानला आहे. नैसर्गिक दाताचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. दोहोंच्या मध्ये साधारण पाव मिलिमीटरहूनही पातळ असा तंतुमय पडदा, म्हणजे परिदंत अस्थिबंध असतो. चावताना दात या पडद्यावर किंचित दबतो.

कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात सळयांनी भरलेले ट्रक रोज दिसतात. ट्रकचा हौदा आणि चाकाचा अक्ष यांच्यामध्ये पोलादी पाटे असतात. रस्त्यावरचा खड्डा पाट्यांत जिरतो, हौद्यापर्यंत पोचत नाही. दाताचा पडदा हेच काम करतो. शिवाय त्यात संवेदना असते. भातात खडा आला की क्षणात जबडा थांबतो, तो या पडद्यामुळे.

कृत्रिम मुळाला पाटे नाहीत. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडात बसविलेली टायटॅनियमची उपकरणे हाडापासून सुटेनात, हे आढळले. त्यांनी १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात पहिली टायटॅनियमची मुळे बसविली. हाड धातूला थेट धरते, हेच या तंत्राचे सामर्थ्य. बल मात्र मध्ये कोठेही न जिरता हाडावर जाते. नैसर्गिक दात उभ्या दाबाखाली काही दशांश मायक्रॉन नव्हे, तर २५ ते १०० मायक्रॉन दबतो. कृत्रिम मूळ जेमतेम ३ ते ५. म्हणून हाडात कोठे किती बल एकवटते, हा प्रश्न नैसर्गिक दातापेक्षा येथे फार अधिक महत्त्वाचा ठरतो.

कागदावरचे गणित

संगणकाकडे वळण्यापूर्वी एक हिशेब हातानेच करून पाहू. ४.१ मिलिमीटर व्यासाचे भरीव धातूचे मूळ घेतले आणि त्यावर १०० न्यूटन, म्हणजे सुमारे १० किलो भाराइतके बल सरळ वरून दिले. छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस मिलिमीटर. म्हणून प्रतिबल, ज्याला अभियंते स्ट्रेस म्हणतात, ते सुमारे ७.६ मेगापास्कल. आता तेच बल ३० अंशांनी तिरके दिले. त्याचा आडवा भाग ५० न्यूटन. तो हाडाच्या वर १० मिलिमीटर उंचीवर लागला, तर हाडाच्या कडेशी मुळाला वाकविणारे प्रतिबल सुमारे ७४ मेगापास्कल होते. बल तेच, दिशा बदलली, आणि धातूवरचा ताण जवळपास दसपट झाला. व्यास ३.५ मिलिमीटर घेतला तर हाच आकडा सुमारे ११९ होतो, कारण वाकण्याविरुद्धचे बळ व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते.

एवढ्या हिशेबाला पेन्सिल पुरते. मग संगणक कशासाठी? कारण खरे मूळ भरीव दांडा नसते. त्याला बाहेरून आटे असतात, आत पोकळी असते, त्या पोकळीत दुसरा बारीक स्क्रू असतो, वर तिरका जोड आणि त्यावर टोपी. भोवतालचे हाड बाहेर कठीण, आत जाळीदार. एकाच जबड्यात पुढे दाट आणि मागे विरळ. अशा आकाराला कोणतेही पाठ्यपुस्तकी सूत्र लागू पडत नाही.

तुकडे पाडण्याची रीत

वाकड्यातिकड्या शेताचे क्षेत्रफळ काढताना भूमापक त्याचे त्रिकोण पाडतो आणि बेरीज करतो. संगणकीय पद्धतीचे मूळ याच कल्पनेत आहे. गणितज्ञ रिचर्ड कूरांट यांनी १९४३ मध्ये त्रिकोणी तुकड्यांवर आधारित अशी रीत मांडली. १९५६ मध्ये बोइंग कंपनीतील टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विमानाच्या सांगाड्याला लावली. त्यांपैकीच रे क्लफ यांनी १९६० मध्ये तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिले. दंतमुळासाठी ही पद्धत १९७६ मध्ये वाइनस्टाइन व सहकाऱ्यांनी प्रथम वापरली. विमानाच्या पंखाकडून मानवी जबड्याकडे यायला वीस वर्षे लागली.

प्रत्यक्ष काम असे चालते. प्रथम जबड्याचे कोन-बीम सीटी चित्रण घेतात. त्यातून हाडाचा बाह्याकार, आतला जाळीदार भाग, खालच्या जबड्यातील नाडीचा मार्ग वेगवेगळे करतात. मुळाचा आकार उत्पादकाच्या आराखड्यातून येतो. मग या सर्वांचे लक्षावधी छोट्या तुकड्यांत विभाजन करतात. प्रत्येक तुकड्याला त्याचा गुणधर्म द्यावा लागतो: तो किती ताठर, किती लवचीक. टायटॅनियमचा ताठरपणा सुमारे १०५ ते ११० गिगापास्कल, हाडाच्या बाह्य कवचाचा बहुतेक अभ्यासांत १३.७ धरतात, आणि आतील जाळीदार हाडाचा १.३७. जबड्याचा कोणता भाग स्थिर, बल कोठे, किती, कोणत्या कोनातून, हे सांगावे लागते. त्यानंतर संगणक प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यांवर बलांचा तोल साधणारी लक्षावधी समीकरणे एकदम सोडवितो.

या रीतीने शिकलेल्या काही गोष्टी आता दंतवैद्यकात स्थिर झाल्या आहेत. प्रतिबल मुळाच्या टोकाशी नव्हे, तर मानेशी, हाडाच्या वरच्या कडेला एकवटते. २००४ मध्ये हिम्लोव्हा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात व्यास ३.६ वरून ४.२ मिलिमीटर केल्यावर कमाल प्रतिबल ३१.५ टक्क्यांनी घटले. लांबी वाढविण्याचा परिणाम त्यामानाने किरकोळ होता. पूर्वी ‘मूळ जितके लांब तितके बरे’ अशी समजूत होती. ती ढिली होण्यास अशा अभ्यासांनी हातभार लावला, आणि लांब मुळासाठी नाडीच्या जवळ जाण्याचा किंवा सायनसमध्ये हाड भरण्याचा मोह कमी झाला.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. मुळाच्या डोक्यापेक्षा वरचा जोड किंचित अरुंद ठेवला तर कडेचे हाड कमी झिजते, असा अनुभव होता. माएदा व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्याचे प्रतिरूप तपासले. हाडाच्या कडेचे प्रतिबल आत सरकले, हे खरे ठरले. पण त्याच वेळी जोडावर आणि त्याच्या स्क्रूवर ते वाढले. ताण नाहीसा होत नाही, स्थानांतर करतो. संशमनाने एका स्थानी शांत झालेला दोष दुसऱ्या स्थानी प्रकट होऊ नये म्हणून वैद्य जसा जागरूक राहतो, तसे आराखडा करणाऱ्याला राहावे लागते. अशा गोष्टी दाखविणे हेच या पद्धतीचे खरे बळ. दोन आराखडे एकाच हाडात, एकाच बलाखाली शेजारी शेजारी ठेवून कोणता बरा, हे ती उत्तम सांगते. एखादा आराखडा अमुक रुग्णात अमुक वर्षे टिकेल, हे ती सांगत नाही.

लाल रंगाची भानगड

रंगीत चित्रांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण फसगत येथेच होते.

आज्ञावली चित्रातील सर्वांत मोठ्या प्रतिबलाला लाल रंग देते आणि सर्वांत लहानाला निळा. ते मोठे प्रतिबल २० मेगापास्कल असो वा २००, रंग लालच. दोन आराखड्यांची चित्रे शेजारी छापली आणि दोन्हींची मोजपट्टी निराळी ठेवली, तर दुबळा आराखडा निळाशार आणि चांगला आराखडा तांबडा दिसू शकतो. म्हणून चित्राआधी बाजूची पट्टी पाहावी, वरचा आकडा वाचावा. तो आकडा कोणत्या द्रव्यात आहे हेही पाहावे. दंतमुळासाठी वापरल्या जाणाऱ्या चौथ्या श्रेणीच्या शुद्ध टायटॅनियमची किमान सहनसीमा ४८३ मेगापास्कल धरतात. त्याला १५० म्हणजे काहीच नाही. हाडाचे कवच मात्र दाबाखाली साधारण १७० च्या आसपास आणि ओढीखाली त्याहूनही आधी दगा देते. त्याला १५० म्हणजे धोक्याची घंटा.

आणखी एक बारकावा. तीक्ष्ण कोपऱ्याजवळ तुकडे जितके बारीक करावेत तितका आकडा वाढत जातो. काही ठिकाणी तो कधीच थांबत नाही, कारण गणितातला कोपरा अमर्याद तीक्ष्ण असतो, खऱ्या धातूचा नसतो. प्रामाणिक अभियंता तुकडे टप्प्याटप्प्याने बारीक करून पाहतो आणि उत्तर स्थिरावले का, हे नोंदवितो. ज्या अहवालात या स्थिरतेचा उल्लेखच नाही, त्यातील कमाल आकड्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. औषधविक्रेत्यांना हे चटकन उमगेल. ज्या चूर्णाच्या वेष्टनावर उत्पादन क्रमांक नाही, त्याची प्रत कितीही मोठ्या अक्षरांत छापली तरी आपण विचारतोच.

मूलद्रव्यांच्या गुणधर्मांचे काय? येथे वैद्यवर्गाची भुवई उंचावल्याशिवाय राहणार नाही. १३.७ आणि १.३७ हेच दोन आकडे एकापाठोपाठ एक अभ्यासांत वापरलेले दिसतात, मग जबडा पंचविशीतील पैलवानाचा असो वा सत्तरीतील मधुमेही आजींचा. हाड सर्व दिशांना सारखेच ताठर मानतात; प्रत्यक्षात जबड्याचे हाड लांबीच्या दिशेने वेगळे आणि आडवे वेगळे वागते. मूळ आणि हाड यांचा संयोग शंभर टक्के मानतात. प्रत्यक्षात तो कधीच संपूर्ण नसतो. लेखोल्म आणि झार्ब यांनी १९८५ मध्ये हाडाच्या प्रतीचे चार वर्ग पाडले, आणि अनेक अभ्यास आता वर्गानुसार आकडे बदलतात, ही प्रगतीच. तरीही चार वर्ग म्हणजे चार प्रकृती मानून भागविण्यासारखे झाले. चित्रणातील करड्या छटेवरून प्रत्येक रुग्णाच्या हाडाची घनता काढण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण कोन-बीम यंत्रातील छटा नेहमीच्या सीटीइतकी प्रमाणित नसते, ही अडचण आहे.

जिवंत हाड बदलते, ही सर्वांत मोठी गोष्ट. हॅरल्ड फ्रॉस्ट यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार हाडाची विकृती, म्हणजे लांबीतील सापेक्ष बदल, साधारण दहा हजारांत १५ ते ३० च्या दरम्यान असेल तर हाड स्वतःला बळकट करते. ४० च्या पुढे दीर्घकाळ राहिली तर झिजू लागते. फारच कमी असली तरीही झिजते. अतियोग, हीनयोग आणि मिथ्यायोग ही कल्पना ज्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. अलीकडची काही प्रतिरूपे हा नियम घालून महिनोन्महिन्यांचा बदल वर्तविण्याचा प्रयत्न करतात. नियम मात्र मुख्यत्वे लांब हाडांच्या निरीक्षणांवर बेतलेला आहे, हे विसरू नये.

‘संगणकावर तपासले’ म्हणजे नेमके काय

आपल्याकडील रुग्णाला दाखविले जाणारे चित्र बहुतेक वेळा प्रतिबलाचे नसतेच. दंतवैद्य सीटी चित्रणावर मुळाची जागा, खोली आणि कोन संगणकात ठरवितो, नाडी व सायनसपासूनचे अंतर मोजतो आणि त्यानुसार छिद्र पाडण्याचा मार्गदर्शक साचा छापून घेतो. हे नियोजन अत्यंत उपयुक्त आहे. नाडीला इजा होऊन ओठ बधिर होण्याचा धोका त्याने कमी होतो. पण ते जागेचे नियोजन आहे, बळाची परीक्षा नव्हे. बळाचे विश्लेषण सहसा उत्पादकाच्या कार्यालयात किंवा महाविद्यालयाच्या पदव्युत्तर प्रबंधात होते, एकेका रुग्णासाठी नाही. मूळ बसविण्याआधी प्रत्येक रुग्णाच्या जबड्यावर हे विश्लेषण केले जाते, अशी समजूत करून घेणे चूक आहे. वैद्यांनी रुग्णाला हा फरक सांगितला तरी त्याचा निम्मा गोंधळ दूर होतो.

मग उत्पादकाचे मूळ बाजारात येते ते केवळ संगणकाच्या भरवशावर काय? तसे नाही. आयएसओ १४८०१ या प्रमाणानुसार मूळ यंत्रात ३० अंश तिरके धरतात. कडेचे हाड ३ मिलिमीटर झिजले आहे असे मानून तेवढा भाग उघडा ठेवतात, आणि त्यावर पुन्हा पुन्हा बल देतात. कोरड्या हवेत ५० लाख आवर्तने, क्षारजलात केल्यास २० लाख. कोरड्या चाचणीचा कमाल वेग सेकंदाला १५ आवर्तने. त्या वेगानेही एक नमुना सुमारे चार दिवस यंत्रावर राहतो. क्षारजलात सेकंदाला दोनच, म्हणून साडेअकरा दिवस. बलाच्या अनेक पातळ्यांवर असे अनेक नमुने लागतात. एका उत्पादकाकडे व्यास, लांबी आणि जोडाचे कोन मिळून कित्येक डझन प्रकार असतात. सर्व यंत्रावर चढवायचे तर वर्षे जातील. येथे संगणक आपले काम चोख करतो. सर्व प्रकारांत सर्वांत दुबळा कोणता, हे तो शोधून देतो आणि त्या एकाला यंत्राच्या स्वाधीन करतात. दुबळा टिकला तर बाकीचे टिकतील, हा त्यामागचा तर्क.

संगणकाच्या उत्तरावर किती भिस्त ठेवावी यासाठीही आता नियम झाले आहेत. अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने २०१८ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या प्रतिरूपांची विश्वसनीयता ठरविण्याचे प्रमाण काढले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये त्याच धर्तीवर मार्गदर्शन दिले. मध्यवर्ती सूत्र साधे आहे: उत्तर चुकले तर रुग्णाचे किती नुकसान होईल, त्या प्रमाणात प्रतिरूपाची प्रत्यक्ष प्रयोगाशी पडताळणी हवी. भारतात १ जानेवारी २०१८ पासून वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू आहेत, आणि उपकरणाच्या मूळ दस्तऐवजात आराखड्याची पडताळणी मांडावी लागते.

देशी प्रयत्नांचा उल्लेख करणे उचित होईल. दिल्लीची मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था आणि तेथील आयआयटी यांनी सीएसआयआरच्या योजनेतून देशी दंतमूळ विकसित केले. मुंबईत पवईच्या आयआयटीमधील ऑर्थोकॅड गटाने टाटा स्मारक रुग्णालय आणि हैदराबादच्या धातुविज्ञान संस्थेबरोबर हाडाच्या कर्करोगात वापरावयाच्या कृत्रिम गुडघ्यावर काम केले. तो दात नव्हे. पण चित्रणातून हाड काढणे, त्यात रोपण बसविणे, बलाखाली तपासणे ही वाट एकच. २०१४ मध्ये राज्य शासनाच्या साहाय्याने त्याच संस्थेत वैद्यकीय उपकरणांचे ‘बेटिक’ केंद्र सुरू झाले. कामोठ्यात एकाच संस्थेची दंत आणि अभियांत्रिकी महाविद्यालये हाकेच्या अंतरावर असताना अशा कामासाठी पवईपर्यंत जावे लागू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. खारघरला तर दंत आणि आयुर्वेद एकाच संस्थेत आहेत.

जे संगणकाला कोणी सांगत नाही

अभ्यासांमध्ये चावण्याचे बल बहुधा १०० ते २०० न्यूटन धरतात. दाढेवरचे कमाल बल निरोगी प्रौढात ५०० च्याही पुढे जाऊ शकते. रात्री झोपेत दात खाणारा रुग्ण, दाढेखाली सुपारी फोडणारा, ऊस सोलून खाणारा, यांचे आकडे प्रतिरूपात क्वचितच असतात. रायगडच्या पट्ट्यात सुपारीची सवय किती आहे, हे वाचकांना सांगावयास नको. रुग्ण ही सवय दंतवैद्याला सांगेलच असे नाही. वैद्याच्या प्रश्नांत ती आहारविहाराच्या ओघात निघते.

मशेरी आणि तंबाखू यांचेही तसेच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे; सवय किती सुटली, हे दुकानदार जाणतात. धूम्रपान आणि अनियंत्रित मधुमेह यांनी हाडाचा धातूशी संयोग बिघडतो आणि मुळाभोवती पाक होऊन हाड झिजण्याचा धोका वाढतो. सुश्रुतांनी दंतमूलगत पंधरा व्याधी सांगितले. शीताद, दंतवेष्ट यांची लक्षणे वाचताना रक्तस्राव, पूय, दातांचे हलणे यांचा क्रम दिसतो. कृत्रिम मुळाभोवतीच्या पाकात रक्त येते, पू येतो. पण हालचाल शेवटपर्यंत जाणवत नाही, कारण धातू हाडात घट्ट असतो. जाणवते तेव्हा बहुतेक सर्व गेलेले असते. प्रतिरूपात या पाकाला जागा नाही. त्यातले हाड निरोगीच असते.

औषधविक्रेत्यांसाठी सर्वांत महत्त्वाची बाब अस्थिक्षयावरील औषधांची आहे. अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड या वर्गातील औषधे घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये दात काढल्यानंतर वा जबड्यावर शस्त्रकर्म केल्यावर जबड्याचे हाड मृत होते, ही गोष्ट २००३ मध्ये प्रथम प्रकाशात आली. डेनोसुमॅबबाबतही हेच आढळले. कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत शिरेवाटे घेणाऱ्यांत धोका अधिक, अस्थिक्षयासाठी गोळी घेणाऱ्यांत कमी. वर्षातून एकदा टोचून घेतलेले औषध रुग्णाच्या लक्षातही राहत नाही. त्याच्या दृष्टीने ते ‘औषध चालू’ या सदरात मोडतच नाही. दुकानाच्या देयकात मात्र ते असते. आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या ओमेप्राझोल वर्गातील औषधांचा आणि इम्प्लांट निकामी होण्याचा संबंधही काही निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसला आहे. तो कार्यकारणाचा आहे असे म्हणता येत नाही, पण नोंद घेण्याजोगा आहे. कोणतेही औषध आपल्या मताने थांबविण्याचा सल्ला मात्र कदापि देऊ नये. तो निर्णय औषध देणाऱ्या चिकित्सकाचा आणि दंतवैद्याचा.

अस्थिपोषक कल्पांविषयी एक शब्द. अस्थिशृंखला, लाक्षा, प्रवाळ यांचा वापर करणाऱ्या वैद्यांना वाटेल की मुळाभोवतीचे हाड यांनी दृढ होईल. तसे होतही असेल. परंतु संगणकाला औषधाचे नाव कळत नाही, हाडाचा ताठरपणा कळतो. कल्प दिल्याने घनता किंवा ताठरपणा किती बदलला, हे कोणी मोजले तरच तो आकडा प्रतिरूपात घालता येतो आणि प्रतिबलावर त्याचा परिणाम पाहता येतो. खारघर वा नेरुळच्या आयुर्वेद महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थ्याने शेजारच्या दंत महाविद्यालयाशी मिळून हा विषय हाती घेतला, तर निकाल कोणताही येवो, काम उपयुक्त ठरेल.

तूर्त प्रत्येक सदस्याला आजपासून करता येईल अशी गोष्ट लहान आहे. इम्प्लांट करून घेणाऱ्या रुग्णाला दंतवैद्याच्या नावे एक चिठ्ठी द्यावी. तीत मधुमेहाचा ताजा अहवाल, तंबाखू, मशेरी व सुपारी यांची सवय, झोपेत दात खाण्याची तक्रार, गेल्या पाच वर्षांत घेतलेली अस्थिक्षयाची गोळी किंवा टोचणी, आणि चालू असलेले सर्व कल्प, आयुर्वेदीय धरून, स्पष्ट अक्षरांत लिहावेत. शस्त्रकर्मानंतर मुळाच्या वेष्टनावरील उत्पादक, व्यास, लांबी आणि तुकडी क्रमांक असलेले चिकटपत्र रुग्णाने मागून घ्यावे व आपल्या कागदपत्रांत लावावे. पुढे पाच-सात वर्षांनी स्क्रू सैल झाला आणि तोवर रुग्ण दुसऱ्या गावी गेलेला असला, तर नव्या दंतवैद्याला नेमका कोणता जोड हवा हे त्या चिकटपत्रावरूनच कळते.